तिसऱ्याची उचकी

“मिस्त्री, जरा बघता का? सकाळपासून हिला उचकी लागलीय.”

मास्तरांनी गाडी गॅरेजच्या दारात लावली, खाली उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि हे वाक्य म्हटलं. वाक्यात तसं वावगं काही नव्हतं. गाड्या बिघडतात म्हणून तर मिस्त्रीचं पोट चालतं. पण त्याच्या हातातला पाना जिथल्या तिथं थांबला. उचकी. चढावर गचके खाणाऱ्या, मध्येच श्वास अडकल्यासारखं करणाऱ्या गाडीला लोक नाना नावं ठेवतात. कोणी म्हणतं मिसिंग मारतेय, कोणी म्हणतं झटके देतेय, कोणी नुसतंच ‘ती असं करते बघा’ म्हणून स्वतःच अंग हलवून दाखवतं. उचकी म्हणणारं गिऱ्हाईक त्याला अख्ख्या जन्मात भेटलं नव्हतं. भेटणार कुठून? तो शब्द गिऱ्हाइकांचा नव्हताच मुळी. तो वरच्या मजल्यावरचा होता, स्वयंपाकघराच्या खिडकीतला, आणि जगात तो बोलणारी माणसं दोनच होती. त्यातलं एक इथं पाना धरून उभं होतं. दुसरं बरेच दिवस रोज सकाळी या मास्तरांच्या शेजारी बसून गाडी शिकत होतं.

“कुठं लागते?” त्यानं आवाज होता होईल तेवढा कोरडा ठेवून विचारलं.

“पाण्याच्या टाकीच्या चढावर, तिसऱ्या गियरला. उभी असली तरी देते अधूनमधून. बाईच चालवत होत्या. माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं.”

बाई. आपल्या बायकोला कोणी बाई म्हणत असेल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. गल्लीत ती वहिनी होती, कपडे आखूड करून न्यायला येणाऱ्यांची काकू होती, लेकीची आई होती आणि त्याच्यापुरती नुसती ‘अगं’ होती. बाई म्हटल्यावर भलतीच कोणी डोळ्यांपुढं आली, ताठ बसलेली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवलेली, नजर लांब रस्त्यावर. त्या बाईला तो ओळखत नव्हता. मास्तर ओळखत होते.

“परवा परीक्षा आहे त्यांची,” मास्तर म्हणाले. “याच गाडीवर हात बसलाय, ऐन वेळी दुसरी नको. तेवढं बघा.” आणि मनगटाचं बटण चाचपत ते चालत निघून गेले. भर उन्हातही ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवत आणि कधी आवाज चढवत नसत. शिकणाऱ्यानं गाडी भिंतीवर नेऊन घातली तरी ‘असू दे, पुन्हा घेऊ’ एवढंच म्हणतात, अशी त्यांची ख्याती. ही ख्याती बायकोच्या कानावर घातली कोणी? मिस्त्रीनंच. ‘मास्तरांकडं शीक, माणूस थंड आहे,’ असं तो ताटावर बसून, तोंडात घास असताना म्हणाला होता. स्वतः होऊन पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. आता त्याला त्या थंडपणाचाच राग आला, आणि रागाच्या भरात त्यानं मनातल्या मनात मास्तरांचं अनेकवचन काढून घेतलं. गेला, असं तो स्वतःशी म्हणाला. मास्तर गेला. एवढ्यानंही जरा बरं वाटलं.

आधी इंजिन चालू करून ऐकायचं, मग बॉनेट उघडायचं, ही त्याची रीत. कोपऱ्यात कपाटावर स्कॅनर होता. वायर जोडली की कुठला सिलिंडर दगा देतोय ते पडद्यावर सांगणारा. लेकीनं हट्टानं घ्यायला लावलेला. पण तो आधी कानानं ऐके आणि मग स्कॅनरला विचारी, म्हणजे स्कॅनर खरं सांगतोय की नाही ते कळे. त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. सीट पार पुढं ओढलेली होती. तिच्या मापाची. हात घालून सीट मागं सरकवताना बुडाखाली काहीतरी जाड लागलं. काढून बघितलं तर उशी. चौकोनी, निळ्या कापडाची, कडेनं बारीक टीप घातलेली. उशीच्या एका अंगाला खिसा होता आणि खिशावर तेलाचा जुना डाग. तो डाग त्यानं ओळखला. डाग त्याचा, खिसा त्याचा, शर्टही त्याचाच. कामाचा तो शर्ट कुठं गेला म्हणून त्यानं मध्यंतरी घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा ती शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली होती, “फाटला होता. कामी लावला.” हे ते काम. एरवी तो हसला असता, आपल्यावरच बसते की ही म्हणून. पण शेजारच्या रिकाम्या सीटमधून पेपरमिंटचा मंद वास येत होता, या सीटच्या पाठीतून तिच्या डोक्याच्या तेलाचा येत होता आणि काचा बंद असल्यामुळं ते दोन्ही वास मधल्या मध्ये एक झाले होते. त्यानं घाईघाईनं काच खाली केली.

इंजिन लागलं. टक टक टक टक चाललं, चाललं, आणि मध्येच एक ठोका गिळला. पुन्हा चाललं. पुन्हा गिळला. अंगातून बारीक थरथर गेली आणि आरशाला लटकवलेली जादा किल्ली हलली. खरंच उचकी होती. त्यानं बॉनेट उघडलं, वरचं झाकण काढलं आणि चारही कॉइल उघड्या केल्या. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉइल, ती खालच्या प्लगला वीज देते, प्लग ठिणगी टाकतो, आत भडका उडतो, गाडी पुढं जाते. चार जणांचं बिऱ्हाड. एक जण कामचुकार निघाला की उरलेले तिघे ओढतात, पण घर हलतं. कोण चुकार ते शोधायची जुनी युक्ती सोपी आहे. चालू इंजिनात एकेकाचं कनेक्शन काढायचं. चांगल्याचं काढलं की इंजिन कोलमडतं, आवाज पडतो, आणखी एक गडी गेला म्हणून बोंब मारतं. ज्याचं काढलं तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही, तो आधीच मेलेला.

त्यानं पहिल्याचं काढलं. इंजिन गडबडलं. पुन्हा लावलं. दुसऱ्याचं काढलं, पुन्हा गडबड. आणि तिसऱ्याकडं हात नेताना त्याला ती पहिली वेळ आठवली. तेव्हा वरचा मजला नव्हता, गॅरेजच्या मागं एकच खोली होती, आणि ती नवीनच आलेली होती. गिऱ्हाइकाची गाडी बघायच्या निमित्तानं तो तिला फिरवून आणायला निघाला होता आणि ऐन उतारावर गाडी गचके द्यायला लागली होती. तो आधी शरमला, मिस्त्रीची गाडी बायकोसमोर अशी. ती मात्र पदराशी चाळा करत गंभीरपणे म्हणाली, “हिला उचकी लागलीय. कुणीतरी आठवण काढतंय हिची.” तो इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. परत आल्यावर ती उजेडाला बॅटरी धरून उभी राहिली आणि तो एकेक वायर काढून बघायला लागला. ती म्हणाली, “हे तर आमच्यासारखंच. उचकी लागली की आम्ही एकेकाचं नाव घेतो. ज्याच्या नावानं थांबते, तोच आठवण काढत असतो.” त्यानं समजावलं, “इथं उलटं असतं. ज्याच्या नावानं काहीच होत नाही, तो शोधायचा.” ती म्हणाली, “अरेरे. मग त्या बिचाऱ्याला कसं वाटत असेल?” तेव्हापासून या घरात गाड्यांना उचकी लागत आली. खिडकीतून ती ओरडे, “आज लाल गाडीला उचकी का हो?” आणि तो खालून हात हलवी. त्यांच्या संसारात गोड बोलणं असं फारसं कधी झालंच नाही. दोघांनाही ते जमत नसे. जे काही होतं ते या एका शब्दात होतं. आणि तो शब्द ती घेऊन गेली, परक्या माणसाच्या गाडीत, टाकीच्या चढावर, आणि सहज देऊन टाकला.

कसा दिला असेल? गाडीनं गचका दिला असेल, आणि ती हसली असेल. तिचं ते खालचा ओठ दाताखाली धरून हसणं. मास्तरनं विचारलं असेल, काय हो बाई, काय झालं? आणि तिनं सांगितलं असेल. सगळंच सांगितलं असेल का? उतार, बॅटरी, मागची खोली? की नुसताच शब्द? नुसता शब्द दिला असेल तर त्याला एवढं का लागावं, आणि सगळं सांगितलं असेल तर मग उरलं काय? हल्ली ती सकाळी परत आल्यावर जिना चढताना गुणगुणते, हे त्याला एकदम आठवलं. भाजी चिरताना मध्येच उजवा पाय हलवते. जेवताना तो काही बोलला की हूं म्हणते आणि मध्येच विचारते, अर्धा क्लच म्हणजे नेमका किती हो? त्याला वाटायचं गाडीचं वेड लागलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एवढा मोठा कान घेऊन तो बसला होता, गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की कुठलं बेअरिंग वाजतंय ते सांगणारा, आणि स्वतःच्या घरातला बदललेला आवाज त्याला ऐकू आला नव्हता. त्यानं तिसऱ्याचं कनेक्शन काढलं. इंजिनानं दखलही घेतली नाही. होतं तसंच, त्याच लंगड्या चालीत ते चालत राहिलं. तो ते कनेक्शन बोटांत धरून नको तेवढा वेळ उभा राहिला. उद्या आपलं कनेक्शन कोणी असं काढलं तर वरच्या मजल्याचा आवाज पडेल का, की जिन्यावरचं गुणगुणणं तसंच चालू राहील?

स्कॅनरला विचारायची गरज नव्हती. तिसरा हे पक्कं झालं. आता तिसऱ्याचं नेमकं काय? कॉइल गेली, की प्लग गेला, की पेट्रोल पोचत नाही? इथं दुसरी युक्ती. तिसऱ्याची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवायची, दुसऱ्याची तिसऱ्यावर. मग गाडी चढावर घालायची. दुखणं कॉइलबरोबर दुसऱ्याकडं गेलं तर दोष कॉइलचा. तिथंच तिसऱ्यापाशी बसून राहिलं तर प्लग बघायचा. त्यानं अदलाबदल केली, वरचं झाकण लावलं, स्कॅनर घेऊन शेजारच्या सीटवर टाकला आणि टाकीच्या रस्त्याला लागला. उशी त्यानं मागच्या सीटवर फेकली होती. शिकाऊ गाडी बघून मागचे लोक उगाच हॉर्न वाजवत होते, आणि ज्यानं या शहरातल्या अर्ध्या गाड्यांची इंजिनं उघडली होती तो माणूस छपरावर शिकवणीची पाटी घेऊन मुकाट चालला होता.

चौकात त्यानं क्लच दाबला आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. शेजारच्या सीटपुढचा क्लच आपोआप खाली गेला होता. शिकवणीच्या गाडीला मास्तरच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, खालून दांड्यांनी जोडलेले, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच? ते दांडे घट्ट करून दिले होते त्यानंच. पण ते चालताना त्यानं कधी बघितले नव्हते. त्यानं क्लच सोडला, तिकडचा वर आला. ब्रेक दाबला, तिकडचा खाली. तिथं कोणी बसलेलं नव्हतं आणि पाय मात्र कोणीतरी चालवत होतं. म्हणजे रोज सकाळी ती इकडं पाय दाबते आणि तो तिकडच्या माणसाच्या तळव्याला लागतो. ती घाबरली की त्याला कळतं. तिचा पाय थरथरला की त्याला कळतं. ती चुकणार हे ती चुकण्याआधी त्याला कळतं. एवढं तरी आपल्याला तिचं कधी कळलं होतं का? एका छपराखाली जन्म काढला, पण तिच्या पायाचा अंदाज मास्तरच्या बुटाला जास्त. हा विचार इतका हास्यास्पद होता की तो हसायला गेला. हसू आलं नाही. चढ सुरू झाला.

चढावर गाडीनं जे काही केलं ते त्यानं अपेक्षिलं नव्हतं. एक उचकी दिली, लगेच दुसरी दिली, मग दोन्ही मिळून अशी लंगडली की पुढचा सायकलवाला मागं वळून बघायला लागला. त्यानं गाडी कडेला घेऊन स्कॅनर बघितला. दुसरा सिलिंडर. आणि तिसराही. दोन्ही. दोघांपैकी एक सुटायला हवा होता, तर निर्दोष होता तोही आजारी पडला होता. असं होतं कधी कधी. प्लगची चिनी माती चिरली की वीज ठिणगी टाकायची सोडून चिरेतून पळते, पळता पळता वरच्या कॉइलच्या रबरी टोपीलाही भाजते. मग दोघांपैकी एकटा कोणी दोषी राहत नाही. भाजकी टोपी जिथं न्याल तिथं तोच रोग करते. हे त्याला कॉइल काढतानाच कळायला हवं होतं. टोपीच्या आत बॅटरी मारून बघितली असती तर डाग दिसला असता. एरवी तो कॉइल अशी बघितल्याशिवाय बसवतच नसे. आज त्यानं हातात घेतली आणि दुसऱ्यावर ठोकून दिली. मन ठिकाणावर नसलं की हात हातचं सोडून देतो, असं तो इतरांना सांगत आला होता.

गॅरेजमध्ये येऊन त्यानं तिसऱ्याचा प्लग काढला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी रेघ, वरून खालपर्यंत. टोपीच्या आत तिचीच जोडीदार रेघ. दुखणं सापडलं होतं. नवा प्लग आणि नवी कॉइल, दोन्ही मागच्या फळीवर डब्यात पडून होते. काम आता चहा निवायच्या आत होण्याजोगं. तो प्लग बोटांत फिरवत राहिला. ही रेघ कोणाला दिसणार होती? फळी कोणी बघणार होतं? ‘पार्ट मिळत नाहीये, आठवडाभर लागेल’ म्हटलं की संपलं. परवाची परीक्षा हुकली. दुसऱ्या गाडीवर तिचा हात बसलेला नाही, ती जाणार नाही. पुढची तारीख कधी मिळायची ती मिळो, तोपर्यंत उत्साह मावळतो, सकाळची शिलाई वाढते, पाय आपोआप भाजी चिरताना हलायचा थांबतो. कोणाचं काही वाकडं होत नाही. त्याला स्वतःचीच शिसारी आली, आणि शिसारी आली म्हणून विचार गेला असंही झालं नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

“तिसराच ना?”

ती चहा घेऊन आली होती. गळ्यात मापाची टेप तशीच.

“तुला काय माहीत?”

“वरून ऐकलं की. पहिल्या दोघांना आवाज पडला, तिसऱ्याला पडला नाही.” तिनं पेला बॉनेटच्या कडेला ठेवला. “इतकी वर्षं खिडकी काय भिंतीला शोभा म्हणून आहे का?”

त्याला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी अभिमानाच्या जागी दुसरंच काहीतरी टोचलं. हा कानही तिनं इथून उचलून तिकडं नेला होता. माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं, म्हणे.

“पार्ट मिळत नाहीये,” तो प्लगकडं बघत म्हणाला. “आठवडा जाईल.”

तिनं मान वळवून मागच्या फळीकडं बघितलं. एकावर एक ठेवलेले डबे, वरच्या डब्यावर प्लगचं चित्र, चांगलं ठसठशीत. मग तिनं त्याच्याकडं बघितलं. चोराच्या मनात चांदणं, तसा तो उजेडात उभा राहिल्यासारखा अवघडला.

“मग तो डबा कसला आहे?”

“तो... दुसऱ्या मापाचा असेल.”

“असेल,” ती म्हणाली. तिनं गाडीच्या मागच्या सीटवरची उशी उचलली, खिशावरची धूळ झटकली आणि पुन्हा पुढं जागेवर ठेवली. “अहो, मला कुठं पळून जायचं नाहीये. कुठं जायचंय असंही काही नाही. मनात आलं तर जाता येतं, एवढंच माहीत असावं म्हणून शिकतेय.” जिन्याच्या पहिल्या पायरीवरून ती म्हणाली, “झाली की सांगा. संध्याकाळी मी चालवून बघते. तुम्ही बसा शेजारी.”

त्यानं डबा काढला. प्लग आपल्याच मापाचा होता हे सांगायला नकोच. दुसऱ्याची चांगली कॉइल दुसऱ्याला परत दिली, तिसऱ्याला नवा प्लग, नवी कॉइल. प्लग बसवताना हातानं हळू फिरवला, शेवटची ओढ पान्यानं बेताची दिली. हात पुन्हा ताळ्यावर आले होते. इंजिन लावलं तर आरशाला लटकलेली किल्ली हललीसुद्धा नाही. कामात खोट ठेवली नाही याचं समाधान झालं, पण ते कामापुरतंच होतं.

ऊन उतरल्यावर मास्तर आले. त्यांनी बॉनेटवर पुन्हा तोच हात ठेवला. मिस्त्रीला वाटलं विचारू नये, आणि विचारून मोकळा झाला.

“उचकी हा शब्द तुम्हाला कोणी सांगितला?”

“बाईंनीच, पहिल्याच आठवड्यात गाडी गचकली तेव्हा. का हो? फार चपखल आहे बुवा. आमच्याकडं आता सगळेच म्हणतात. काल एक बँकेतले साहेब चढावर अडकले, तर म्हणे मास्तर, गाडीला उचकी लागली, बायकोला फोन लावू का?” मास्तर मोकळेपणानं हसले. त्यांनी पेपरमिंटची गोळी पुढं केली. मिस्त्रीनं ती घेतली, कारण न घेण्याला कारण सापडलं नाही. “संध्याकाळी बाईंना चालवून बघू दे, तुम्हीच बसा त्यांच्याशेजारी. मी काय, नुसता हात बांधून बसतो. बाईंना माझी गरज नाही.”

म्हणजे हा एकट्या मास्तरचा चोरटा ऐवज नव्हता. तिनं शब्द खुशाल रस्त्यावर सोडून दिला होता आणि बँकेतले साहेबसुद्धा तो वापरत होते. संशय तिथं संपायला हवा होता. त्यानं मास्तरांना त्यांचं अनेकवचन परत केलं, तेवढं न्यायाचं होतं. पण जळणं काही कमी होईना. एकाच माणसावर जळता येत होतं तोवर निदान तोंड कुठं करायचं ते ठाऊक होतं. आता अख्खं शहर त्याच्या घरातला शब्द बोलत फिरणार होतं, आणि तिला त्यात काही हरवलंय असं वाटतही नव्हतं. तिच्याकडं तो जपून ठेवलेला होता की नुसता पडलेला होता, हे त्याला कसं कळणार? गोळी जिभेवर थंड लागत होती. त्यानं ती कडकन फोडली.

संध्याकाळी ती आली ती टेप काढून, केस घट्ट बांधून. सीट पुढं ओढली, उशीवर बसली, आरसा बोटानं नीट केला. तो पलीकडून मास्तरांच्या जागी बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यापुढं गाडीत स्टिअरिंग नव्हतं, आणि हात कुठं ठेवावेत ते कळेना. पायांशी मात्र दोन पेडल होती. तिनं क्लच दाबला आणि त्याच्या बुटाखालचं पेडल अलगद खाली गेलं. गल्ली गेली, चौक गेला, सिग्नलला तिनं गाडी अशी थांबवली की पुढच्या गाडीला कळलंही नसेल. ती चांगली चालवत होती. त्यानं चूक शोधली, मनापासून शोधली. गियर बदलताना तरी दात करकरावेत म्हणून कान लावला. काही नाही.

टाकीचा चढ आला. तिसरा गियर. ती किंचित पुढं झुकली, ऐकत. त्यानंही ऐकलं. एकाच इंजिनाला दोघं कान देऊन बसले होते, आणि क्षणभर त्याला वाटलं की आपण पुन्हा त्या बॅटरीच्या उजेडात आहोत. इंजिन एका दमात वर चढत होतं.

“गेली,” ती म्हणाली. खालचा ओठ दाताखाली धरून हसली. आणि म्हणाली, “उक्.”

तिलाच उचकी लागली होती. “घ्या,” ती म्हणाली, “हिची गेली आणि मला लागली. उक्.” नजर रस्त्यावर ठेवूनच तिचे ओठ हलायला लागले. ती नावं घेत होती. तिची ती सवय त्याला पाठ होती, एकेक नाव, मग थोडं थांबायचं, लागते का बघायचं. आज मात्र तो प्रत्येक थांब्याला श्वास धरून बसला.

“कोणाकोणाचं घेतलंस?”

“लेकीचं घेतलं. उक्. ताईचं घेतलं. समोरच्या आजींचं घेतलं.” ती हसत होती. “कुणीच नाही बाई आठवण काढत. थांबा, मास्तरांचं घेऊन बघते.”

तिनं श्वास आत घेतला. ते नाव तिच्या ओठांवर यायचं होतं, आणि नावानंतर एक थांबा यायचा होता, आणि त्या थांब्यात उचकी येणार होती किंवा येणार नव्हती. त्याचा उजवा पाय खाली गेला. त्यानं तो नेला असं त्याला आठवत नाही, पण गेला खरा, पेडलच्या मुळापर्यंत. गाडी चढाच्या मध्यावर गचकन थांबली, दोघांची डोकी पुढं आदळायची राहिली, इंजिन एक झटका देऊन बंद पडलं. मागून कोणीतरी हॉर्नवर हातच ठेवला.

रस्त्यावर आडवं काही आलं नव्हतं. मांजरसुद्धा नाही. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली, आणि त्यानं उचकीची वाट बघितली. ती आली नाही.

“थांबली,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखीचा वाटेना. “घाबरवलं की थांबते.” आणि मग, विचारायचं नव्हतं ते, “माझं नाव घेतलं नाहीस.”

“तुम्ही इथंच होता की,” ती म्हणाली. “शेजारी बसलेल्या माणसाचं कुणी घेतं का?”

मागचा हॉर्न थांबला आणि ती गाडी त्यांना वळसा घालून पुढं गेली. तिनं हँडब्रेक ओढला, गियर काढला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती आरशात बघत, एखादी गोष्ट त्याला माहीत नसेल म्हणून सांगावी तशी म्हणाली, “मास्तरांनी अजून एकदाही ब्रेक दाबलेला नाही.”

मग तिनं किल्ली फिरवली. परीक्षेत लोक जिथं नापास होतात ती हीच जागा, चढावर बंद पडलेली गाडी मागं न घसरू देता उचलायची. त्याच्या बुटाखाली क्लच खाली गेला, आणि मग हळूहळू वर यायला लागला. तिचा पाय वर येत होता, ठाम, न थरथरता, आणि त्याच्या तळव्याला तो सगळा कळत होता. अर्ध्यावर येऊन थांबला, इंजिनानं भार घेतला, हँडब्रेक सुटला. गाडी तसूभरही मागं न जाता पुढं निघाली. त्यानं दोन्ही पाय उचलले आणि सीटखाली ओढून घेतले. चढ संपेपर्यंत तो कान देऊन ऐकत होता, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. कुठंच काही सापडलं नाही.